माझं एकुलतं नाणं आणि गोविंदराव

गोविंदराव गेल्याची बातमी मला अमरावतीच्या कापूसबाजारात कळली. अकोल्याहून आलेला गाडीवान म्हणाला, "तुमचे दोस्त तापानं गेले जी." डोळे भरून आलेच, पण खोटं कशाला सांगू, त्याच्याही आधी मनात आलं, आता त्याच्या नाण्यांचं काय होणार...

मी वकील, तो कापसाचा दलाल. जुनी नाणी जमवायचं वेड दोघांनाही. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली, इकडे कापसाचे भाव आभाळाला भिडले आणि वऱ्हाडात चांदीच चांदी झाली. लोक जुने रुपये सोनाराच्या मुशीत टाकून बायकांना तोडे घडवू लागले. गोविंदराव सोनाराच्या ओट्यावर बसून त्यातूनच नाणी वेचायचा. साधे नागपुरी रुपये, घरोघरी असलेले. पण असे कोरे, की कालच टाकसाळीतून आलेत. ते बघायला माणसं यायची, "माह्या आजाले यातच पगार भेटे" म्हणत बसून राहायची. माझ्याकडे पातूरच्या लेण्यांजवळ शेतात सापडलेलं चांदीचं नाणं होतं. तसलं दुसरं कुणीच पाहिलेलं नव्हतं, तरी ते बघायला कुत्रंही फिरकत नसे! मी जळायचो. सरळ सांगतो, जळायचो.

मुंबईचा एक शेठ खरेदीसाठी अकोल्याला येणार होता. त्यालाही नाण्यांचा नाद. आम्हा दोघांपैकी एकाचं नाणं तो आपल्या संग्रहात नेणार होता. ते माझंच असावं, एवढीच माझी इच्छा होती. दिवाळी तोंडावर आलेली. लक्ष्मीपूजनाला घरची चांदी उजळतात, तसं मी नाणंही चिंच आणि विटेची पूड लावून घासायचं ठरवलं. ऐकून गोविंदराव उसळलाच. "घासू नको बे! त्याचं तोंड पुसून जाईन." मला केवढा आनंद झाला! अखेर हा माझ्यावर जळतोय, असं वाटलं आणि मी दुप्पट जोरानं घासलं.

शेठनं नाणं उजेडात धरलं. "एकच असेल, पण अक्षरं कुठं आहेत? हे कुणाचं, कधीचं, काहीच कळत नाही. मग याला मागणार कोण?" आणि त्यानं गोविंदरावाचा रुपया उचलला. गोविंदराव घाईनं म्हणाला, "सापडलं तवाच तसं होतं जी ते. याचा काही दोष नाही." मला सांभाळून घ्यायला तो खोटं बोलला. मला त्या चांगुलपणाचाही राग आला. त्यानंतर मी अकोल्याला गेलोच नाही...

गेलो तो थेट तेराव्याला. वहिनींनी त्याची पेटी पुढं केली. रुपयांच्या मधोमध लाखेची एक चकती होती आणि तिच्यावर माझ्या नाण्याचा ठसा, एकेक अक्षर ठसठशीत.

"तुमी पहिल्यांदा ते दाखवाले आणलं अन् जेवाले बसले, तवाच त्यायनं ठसा घेतला," वहिनी म्हणाल्या. "म्हणत, असं नाणं आपल्यापाशी पायजे होतं. कोणाले हात लावू देत नव्हते."

म्हणजे तो खरंच जळत होता, पहिल्या दिवसापासून. आणि तरीही घासू नको म्हणाला होता.

या गोष्टीला आता महिना झाला. चकती वहिनींनी मला दिली आहे. माझ्या नाण्याला जगात एकच गिऱ्हाईक होतं, आणि मी त्याच्यावरच रुसून बसलो होतो.