महांतेशमामांचा जुना संगणक

महेश्वरीला संगणक शिकवला तो तिच्या मामांनी. मानवतला महांतेशमामांचा क्लास होता, सेलूहून एसटीनं येऊन ती तिथं बसायची. आज ती सेलूत घरी बसून आडत दुकानांसाठी प्रोग्राम लिहिते आणि मामा खाटेवर आहेत. मज्जातंतूंचा आजार. आधी हात गेले, मग पाय, मग वाचा. राहिलं एक बोट आणि डोळे.

त्या एका बोटावर मामा बोलत होते. क्लासातला जुना संगणक खाटेशी मांडलेला. पडद्यावर अक्षरं सरकायची, हवं ते आलं की मामा बोटाखालचं बटण दाबायचे. बटणाची वायर संगणकामागच्या रुंद खाचेत बसायची, नव्या संगणकांना ती खाच नसते. नव्याला बटण लावायला मधली जोडणी आणून पाहिली, पण बटण काही ओळखलं जाईना. दिवाळीनंतर जुन्याची डिस्क जळाली आणि अक्षरांचा प्रोग्रामही गेला. तो बनवणारी कंपनी कधीचीच बंद पडलेली.

मग उरली पापणी. मिटली की हो. पण पापणीच्या बोलण्यात प्रश्न विचारणाऱ्याचाच असतो.

त्यातच मामांना श्वास पुरेना. गळ्यातून नळी घालायची की नाही, ते सोमवारपर्यंत सांगा, असं डॉक्टर म्हणाले. थोरले मामा बसवंतराव भावावर वाकले, "महांत्या, आता आणखी तरास नको ना रे?" पापणी मिटली. नळी नको, असं ठरलं. गंगम्मामामी पूजेत नवऱ्याची सुखानं सुटका मागू लागल्या.

महेश्वरीला ते पटेना. मामांनी आपलं आपण सांगावं, मग महादेव ठेवील तसं होवो. आपल्या लॅपटॉपवर तिनं नवा प्रोग्राम लिहिला आणि शनिवारी मानवत गाठलं. जुन्या संगणकात दुसरी डिस्क बसवली होती, पण त्यावर चालायची ती जुनीच विंडोज. प्रोग्राम उघडेचना.

"एवढी शिकलीस अन् हे डबडं ऐकंना व्हय तुझं?" बसवंतराव म्हणाले.

"डबड्याचं काय चुकलं न्हाई मामा. माझंच चुकलं."

नव्या लॅपटॉपवर बांधलेला प्रोग्राम पावलोपावली नव्या विंडोजमधले भाग मागत होता. जुनीत ते नव्हतेच.

गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन मामी पूजेला बसल्या होत्या. पूजा आटोपून त्यांनी विचारलं, "कशाला अडलंय गं?"

"ह्याला जे लागतं ते इथं न्हाई, मामी."

"मग संगं आणायचं की! आमचं बघ, देऊळ असू दे नसू दे, देव गळ्यात हाय."

महेश्वरी लॅपटॉपकडे वळली. मग तिनं त्या विंडोजच्या काळातली प्रोग्राम बांधायची साधनं इंटरनेटवरून उतरवून घेतली. लागेल ते सगळं एकाच फायलीत भरलं, जुनीला कळणार नाही ते काढून टाकलं. रविवारी सकाळी प्रोग्राम उघडला, पण पडद्यावर नुसते चौकोन! त्या विंडोजला मराठी येतच नव्हती. मग एकेक अक्षर, एकेक काना-मात्रा चित्रासारखी काढून तिनं तीही आत घातली.

"ह्येची काय गरज व्हती?" बसवंतराव कुरकुरले. "त्यानं सांगितलंय की."

दुपारी मामांच्या बोटाखाली बटण ठेवलं. अक्षरं सरकू लागली. बोट हललं, थांबलं, पुन्हा हललं. एक चुकलं, ते पुसून पुन्हा घेतलं. मामींनी पदराची कड दातात धरली होती.

पडद्यावर उमटलं, 'नळी घाला.'

बसवंतराव खाटेच्या कडेला बसले. "आरं पर म्या ईचारलं व्हतं की तुला!"

बोट परत चालू झालं. या खेपेला फार वेळ लागला. मधेच दम लागला, मामींनी छाती चोळली, पण मामांनी बटण सोडलं नाही.

'दादा, त्रास नको ना, असं विचारलंस. जगायचंय का, ते विचारलं नाहीस.'

मामींनी नवऱ्याचे पाय दोन्ही हातांनी धरले.

बसवंतरावांनी खिशातून फोन काढून डॉक्टरांना लावला. पलीकडून "बोला" ऐकू आलं. "तूच सांग पोरी," म्हणत त्यांनी फोन महेश्वरीच्या हातात दिला आणि भावाच्या उशाशी येऊन बसले.