‘आतली कडी’मधली मालन

सोसायटीची लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये अडकली, तेव्हा आत पाच-सहा माणसं होती. कुणी बटणं बडवत होतं, कुणी वॉचमनच्या नावाने शंख करत होतं, आणि शेजारच्या शांताबाईंनी तर "मेले गं बाई मी" म्हणून गळाच काढला होता. मालन तेवढी गप्प होती. हातात भाजीची पिशवी आणि नजर दारावर. तिसऱ्या मजल्यावरचा सम्यक त्याच लिफ्टमध्ये होता. त्याने मोबाईलचा टॉर्च लावला तो दाराची फट बघायला, पण उजेड पडला मालनच्या तोंडावर. लिफ्ट सुरू झाली, माणसं बाहेर पडली, तरी पोरगा तिच्याकडेच बघत राहिला.

"मावशी, माझ्या पिक्चरमध्ये काम करशील?"

"मी? मला काय येतंय त्यातलं?"

"काही यायला नको. आत्ता उभी होतीस ना, तशीच राहा. बाकी मी बघतो."

मालनला वाटलं, पोरगा मस्करी करतोय. पण दुसऱ्या दिवशी तो घरी आला, चहा प्यायला आणि गोष्ट सांगून गेला.

मालन मूळची जालन्याकडची. लग्न होऊन घाटकोपरला आली ती वस्तीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत. नवरा अंबादास विक्रोळीच्या एका कारखान्यात फिटर. मुलगी मोठी झाल्यावर मालन एका खासगी हॉस्पिटलात वॉर्डात कामाला लागली आणि गुडघ्यांनी हात टेकेपर्यंत तिथेच राहिली. तिथे सगळ्याच जणी मावशी. पेशंटला, सिस्टरला, डॉक्टरला, कुणालाच मालनचं नाव माहीत करून घ्यायची गरज पडली नाही. तिलाही त्याचं कधी वाईट वाटलं नाही. आपण आहोत हे कुणाच्या फारसं लक्षात येऊ नये, अशीच तिची चाल होती. पोरीच्या लग्नाच्या फोटोंतसुद्धा ती कुठे दिसत नाही. कुणाच्या तरी खांद्याआड असते.

मग वस्ती तुटली आणि त्याच जागेवर ही उंच बिल्डिंग उभी राहिली. सगळ्यांना घरं मिळाली, संडास आत आला, नळाला पाणी आलं. वस्तीत दारं फक्त झोपताना लागायची. इथे राहायला आल्या आल्या ज्याने त्याने सेफ्टी डोअर बसवलं आणि सगळी दारं दिवसाही बंद राहू लागली. लांबलचक पॅसेज, दोन्ही बाजूंना दारं, आणि दुपारी त्यात चिटपाखरू नाही. सम्यकची गोष्ट इथूनच निघाली होती. एक बाई नव्या बिल्डिंगमध्ये राहायला येते. नवरा कामाला गेला की ती आतून कडी लावते आणि कामाला बसते. थोड्या वेळाने मान वर करून बघते, तर कडी निघालेली. नवरा म्हणतो, तू लावायला विसरलीस. ती पुन्हा लावते. पुन्हा निघते. पिक्चरचं नाव ‘आतली कडी’.

"आणि भूत?" मालनने विचारलं होतं.

"भूत नाहीच गं. तीच तर गंमत आहे."

शूटिंग अकराव्या मजल्यावरच्या एका रिकाम्या घरात झालं. सम्यक आणि त्याचे दोन मित्र, एवढीच मंडळी. मालनला संवाद जवळजवळ नव्हतेच. पुष्कळसा वेळ तिने जमिनीवर बसून लसूण सोलला आणि दाराकडे पाहिलं. पिक्चर काळा-पांढरा करायचं सम्यकने आधीच ठरवलं होतं. "आपल्या घरांत रंग फार, मावशी. गुलाबी भिंत, निळा पिंप, हिरवा पडदा. माणसाची नजर भरकटते. मला फक्त तुझं तोंड आणि दार पाहिजे." मालनने मान हलवली. आपल्या तोंडात बघण्यासारखं काय आहे, हे काही तिला कळलं नाही, पण पोराचा हिरमोड नको म्हणून ती बसली.

पिक्चर तयार झाला आणि एका रविवारी संध्याकाळी खालच्या हॉलमध्ये दाखवायचं ठरलं. आपल्या बिल्डिंगचा पिक्चर, आपली मालन हिरॉईन, म्हणून झाडून सगळे आले. खुर्च्या कमी पडल्या, सतरंज्या अंथरल्या. दिवे गेले, पडद्यावर पॅसेज दिसला, आणि मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, रंग कुठे गेला? वायर नीट लाव ना!" हॉल हसला. थोडा वेळ मजेत गेला. हा आमचा जिना, ही आमची लिफ्ट, ते बघ माझं पायपुसणं, असं चाललं होतं.

मग लसणाचा तो सीन आला. मालन सोलतेय, दाराकडे बघतेय, पुन्हा सोलतेय. संगीत नाही, काही नाही. फक्त सालाची करकर आणि लांब कुठेतरी पंप चालू असल्याचा घुमारा. सीन संपेचना. हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली. "आता भाजी होईपर्यंत दाखवणार काय हा?" शांताबाई मोठ्याने म्हणाल्या आणि खदाखदा हसल्या. त्यांचं बघून अर्धा हॉल हसला. उरलेला अर्धा मात्र हसत नव्हता. पुढच्या रांगेतल्या एका बाईने पदर तोंडावर धरला होता. कुणीतरी चिडून "गप बसा ना जरा" म्हणालं. मालन भिंतीला टेकून उभी होती. पडद्यावरची बाई कोण, हेच तिला उमगेना. लुगडं आपलं, हात आपले, कानातली फुलंसुद्धा आपलीच. पण ते डोळे तिने आरशात कधी पाहिले नव्हते.

तेवढ्यात अंबादास उठला आणि कुणाकडेही न बघता हॉलबाहेर निघून गेला. मालनने त्याला जाताना पाहिलं.

पिक्चरच्या शेवटी दार आपोआप हळूहळू उघडतं, बाहेर मोकळा पॅसेज, आणि ती बाई हसते. एवढंच. दिवे लागले, आणि जी काय जुंपली!

"संपला? अरे, मग कडी काढत कोण होतं?"

"तीच काढत होती, एवढं पण कळत नाही?"

"ती कशाला काढेल? डोक्यावर पडलीय काय?"

"माझ्या तर अंगावर काटा आला बाबा. मी आज एकटी लिफ्टने जाणार नाही."

"झकास केलंय रे सम्यक!"

"कसलं झकास, डोक्याची वाट लागली."

सोसायटीचे सेक्रेटरी धोंडिरामकाका उभे राहिले, तेव्हा कुठे गलका कमी झाला. काकांना बिल्डिंगमध्ये मान होता. "सम्यक, आपल्या माणसांनी धम्मदीक्षा घेऊन भूतखेत सोडलं, त्याला सत्तर वर्षं होत आली," ते म्हणाले. "अंगारे-धुपारे मागे टाकून आपण शिकलो, इथवर आलो. आणि तू आमच्या बायकापोरांना परत दाराला घाबरायला शिकवतोस?"

"काका, मी भूत दाखवलंच नाही."

"तेच म्हणतो मी! दाखवलं असतंस तर खोटं आहे म्हणून सांगता आलं असतं. आता घरी जाऊन काय सांगू?"

सम्यक खाली वाकून वायर गुंडाळू लागला. खरं तर काकांनी पिक्चरची सगळ्यांत मोठी तारीफ केली होती, पण ते त्या वेळी ना काकांच्या लक्षात आलं, ना त्याच्या.

मालन घरी आली तर अंबादास खिडकीशी बसला होता. "उठून का आलात?" तिने विचारलं. "पाय अवघडले," तो म्हणाला. तिने पुढे विचारलं नाही. त्यांच्या संसारात पुष्कळ गोष्टी अशाच तिथल्या तिथे थांबत आल्या होत्या.

पुढचे काही दिवस मालनला चमत्कारिक गेले. लिफ्टमध्ये लहान पोरं तिला बघून आयांच्या मागे लपायची. एक आगाऊ कार्टं तर "कडीवाली आली रे" म्हणून पळायचं. कुणी थांबवून शाबासकी द्यायचं, कुणी म्हणायचं, "मावशी, तुला फुकट राबवलं त्याने." ज्या बाईला आयुष्यभर कुणी वळून पाहिलं नाही, तिच्यावरून आता वरच्या मजल्यापासून गेटपर्यंत दोन तट पडले होते. शांताबाईंनी मात्र बोलणंच टाकलं. भिंतीला भिंत लागून घर, वस्तीतही शेजार, पण समोर आल्या की मान फिरवायच्या. हसल्या त्या, आणि रागही त्यांनाच. मालनला काही समजेना.

मग सम्यकला अंधेरीच्या एका छोट्या थिएटरमधून बोलावणं आलं. तिथे पिक्चरवाली मंडळी जमतात, नवीन पोरांचं काम बघतात, नंतर चर्चा करतात. मालनने यायलाच हवं, असा त्याचा हट्ट. तिने अंबादासला विचारलं आणि तो लगेच "चल" म्हणाला, याचंच तिला नवल वाटलं.

तिथे सगळे शांत बसून पाहत होते. लसणाच्या सीनला कुणी हसलं नाही. अंबादास या वेळी जागचा हलला नाही, फक्त मांडीवरचे हात घट्ट धरून बसला होता. दिवे लागल्यावर मालनला वाटलं, इथे तरी एकमत असेल. कसलं काय! दाढीवाला एक गृहस्थ म्हणाला, काळा-पांढरा रंग हा निव्वळ दिखावा आहे, गोष्टीत दम नाही. दुसरा म्हणाला, त्या पॅसेजमध्ये मला माझी स्वतःची बिल्डिंग दिसली. दोघं इंग्रजी-मराठी करत बराच वेळ भांडले. सूर जरा खालचा, एवढाच घाटकोपरच्या हॉलशी फरक. मग शर्मिष्ठा नावाच्या एका बाईंनी माईक घेऊन थेट मालनलाच विचारलं, "तुम्ही दाराकडे इतका वेळ बघता, तेव्हा मनात काय चाललेलं असतं?"

सगळा हॉल मालनकडे वळला. तिने माईक दोन्ही हातांनी धरला.

"गॅसवर डाळ ठेवून आले होते," ती म्हणाली. "लागली असेल काय, तेच बघत होते."

अर्धी माणसं टाळ्या वाजवत हसली. उरलेल्यांची तोंडं उतरली, जणू कुणीतरी त्यांच्या हातून काही काढून घेतलं. दाढीवाला तर "बघा, मी म्हणत नव्हतो?" असं आजूबाजूला बघत होता. शर्मिष्ठाबाई हसल्या नाहीत. त्यांनी मालनकडे जरा निरखून पाहिलं आणि नुसतं "थँक्यू" म्हणाल्या.

परतताना मेट्रोत दोघांना बसायला जागा मिळाली. साकीनाका गेल्यावर अंबादास म्हणाला, "तू लसूण सोललास त्या दिवशी डाळ मी केली होती."

तो तिच्याकडे वळला.

"खोटं कशाला बोललीस?"

"मग काय सांगू त्यांना?" ती हळूच म्हणाली. "हॉस्पिटलात आयसीयूच्या बाहेर लोक बसायचे ना, ते बघायचे तसं बघत होते मी. बाईच्या हातात काहीतरी काम असायचं. कुणी लोकर विणायचं, कुणी पिशवीतली वांगी उगाच पुसत बसायचं. आणि डोळे दारावर. दार उघडलं पाहिजे पण, आणि उघडू नये पण. मी त्यांच्या मधून लादी पुसत जायचे. पाय उचला म्हणायचे. माणसं पाय उचलायची, पण मी कोण ते त्यांना दिसायचं नाही. ते त्यांचं आहे. माईकवर कसं सांगायचं?"

घाटकोपर जवळ आलं तेव्हा अंबादास म्हणाला, "त्या रविवारी माझे पाय नव्हते अवघडले."

"माहीत आहे."

"तुझी भीती वाटली मला. एवढी वर्षं एका घरात, आणि वाटलं, ही कोण बाई आहे? हिच्या मनात एवढं काय काय असतं, आणि आपण कधी विचारलंच नाही."

मालनने त्याच्याकडे पाहिलं. वाईट वाटायला हवं होतं, पण आतून तिला बरं वाटत होतं. आपलीसुद्धा कुणाला भीती वाटू शकते, हे तिला फार मोठं वाटलं.

पिक्चरचं पुढे फार काही झालं नाही. दोन-तीन ठिकाणी दाखवला गेला, तिथेही म्हणे माणसं भांडलीच. सम्यक आता दुसऱ्या गोष्टीच्या मागे आहे.

अंधेरीहून आल्यानंतरच्या आठवड्यात एका दुपारी बेल वाजली. दारात शांताबाई. आत आल्या, पाटावर बसल्या, पाणी प्यायल्या.

"मी हसले त्याचं तुला वाईट वाटलं असेल," त्या म्हणाल्या.

"नाही गं."

"वाटलं असेल. वाटू दे." मग आवाज खाली आला. "आमचे हे गेल्यापासून मी पण उठून उठून कडी बघते, मालन. लावलेली असते. तरी बघते. कुणाला सांगणार? धोंडिराम म्हणेल, म्हातारी भूत मानायला लागली. तिथे हॉलमध्ये वाटलं, ह्या पोराला कुणी सांगितलं माझं? सगळ्यांना कळलं आता. म्हणून हसले जोरात."

मालन त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली. "मला पण वाटतं तसं दुपारचं," ती म्हणाली. ते तितकंसं खरं नव्हतं, पण त्या वेळी तिला ते खरंच वाटलं. दोघी चार वाजेपर्यंत बोलत बसल्या. गेलेल्या नवऱ्याबद्दल, वस्तीतल्या नळावरच्या भांडणांबद्दल, आणि नव्या घरातल्या शांततेबद्दल, जिच्याविषयी दोघी आजवर एकमेकींना "छान आहे गं" एवढंच म्हणत आल्या होत्या.

जाताना शांताबाई दारात थांबल्या. "उद्या तू ये माझ्याकडे. दार उघडंच ठेवते." मग वळून, बोट नाचवत म्हणाल्या, "पण पिक्चर बेकारच आहे हां. ते मी कुणाला पण सांगेन."

"सांग ना," मालन म्हणाली, आणि तिला मनापासून हसू आलं.