मामांची टोपी आणि माझा विग

डोक्यावरची पांढरी टोपी काढायची, समोरच्या पेशंटपुढं मान खाली घालायची, आणि तुळतुळीत टक्कल त्याच्या नाकापाशी नेऊन म्हणायचं, "हे बघा. आता इचारा."

माझ्या दवाखान्यातल्या कंपाउंडर मामांची ही रीत. तुम्ही कधी केसांच्या डॉक्टरकडं गेला असाल तर तिथला माणूस कसा असतो तुम्हाला ठाऊक आहे. गुळगुळीत बोलणारा, हातात रंगीत पत्रक, भिंतीवर आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो. माझ्याकडं नळदुर्गात, हायवेच्या कडेला, आधीचा फोटोच जिवंत स्टुलावर बसलेला होता, आणि नंतरचा कुठं दिसत नव्हता.

मामा मला जागेबरोबर मिळाले. माझ्या आधी तिथं एक म्हातारे डॉक्टर होते. दवाखाना मला देताना त्यांनी टेबल दिलं, तपासायचा पलंग दिला आणि मामा दिले. म्हणाले, "टेबल बदला, पलंग बदला, मामांना बदलू नका." मी पुण्याहून त्वचारोग शिकून ताजा ताजा आलेलो. मला वाटलं, म्हाताऱ्यांचं काहीतरी असतं.

जळकोटहून रोज सकाळी मामा जीपनं यायचे. नंबर लिहायचे, आणि पेशंट आत येईपर्यंत त्याच्या निम्म्या शंकांचा निकाल लावून टाकायचे. दार अर्धवट उघडं असायचं, त्यामुळं मला सगळं ऐकू यायचं.

एक बाई प्लास्टिकच्या पिशवीत गळालेल्या केसांचा गोळा घेऊन आली होती. "मामा, रोज किती गळाले तर चालतेत?"

"पन्नास-शंभर गळतेत. सगळ्यांचेच गळतेत. तू मोजतीस, बाकीचे मोजत न्हाईत."

"बोअरच्या पाण्यानं होत असंल का?"

"तुमची म्हस कुठलं पाणी पिती?"

"बोअरचंच."

"मग तिचे कसं टिकले?"

एक तरुण हेल्मेटवर खापर फोडत होता. मामांनी विचारलं, "हेल्मेट किती वर्सं घालतूस?" तो म्हणाला, "घालत न्हाय, पण घातल्यावर गळतेत म्हणं." मामांनी त्याला पुढचं काही विचारलं नाही. फक्त टोपी काढली.

कांद्याचा रस चोळणाऱ्याला ते सांगत, "भाकरीसंगं खा, निदान पोटाला लागंल." औषध बंद केल्यावर केस राहतात का, हा तर रोजचा प्रश्न. त्यावर मामा म्हणायचे, "चारा बंद केल्यावर म्हस दूध देती का?" मला हे समजावून सांगायला दहा मिनिटं आणि एक आकृती लागायची. एकानं तुळजापुरात मुलाचं जावळ काढलं, मुलाला दाट केस आले, म्हणून पुढच्या खेपेला स्वतःचंही डोकं भादरून घेतलं आणि चार महिने वाट बघून माझ्याकडं आला. मामा म्हणाले, "पोराला यायचेच हुते. तुला जायचे हुते. न्हाव्याला दोष देऊ नको."

गोळीचा प्रश्न मात्र लोक कानात विचारत. ही गोळी घेतली की संसारावर परिणाम होतो म्हणतात, खरं का? मामा आवाज न उतरवता सांगायचे, "हे आत इचारा. आन् लाजू नका, सगळं सांगा डॉक्टरला. मला केसबी न्हाईत आन् म्या गोळीबी खाल्ली न्हाय." सगळा बाक हसायचा आणि तो बिचारा नंबर सोडून पाणी प्यायला बाहेर जायचा. कानडी मुलखातून येणाऱ्यांशी तर बोलावंच लागत नसे. टोपी काढली की झालं.

पण एकदा टायफॉईडमधून उठलेली एक सून आली. वेणी उंदराच्या शेपटासारखी उरलेली, डोळे रडून सुजलेले. तिच्यापुढं मामांनी टोपी काढली नाही. "ताप कवा आलता?" म्हणाले. दोन-अडीच महिने झाले म्हणाली. "मग आता गळणारच, बाई. तापाचे केस उशिरा गळतेत. हे परत येतेत. डॉक्टर तपासतील, पण तू रडू नको." मी आत तिला तेच सांगितलं, जरा इंग्रजी शब्द घालून.

आता माझं सांगतो. मी हप्त्यावर एक मशीन घेतलं होतं. रक्त काढायचं, फिरवायचं, त्यातला पिवळा भाग डोक्यात टोचायचा. ज्यांचे केस नुकते विरळ होत आहेत त्यांना थोडाफार उपयोग होतो. ज्यांच्या टाळूवर आरसा झालाय त्यांना काही होत नाही. पण आरसेवालेच जास्त येतात, आणि खिसा रिकामा करायलाही तेच तयार असतात. मी सहा बैठकांचं पॅकेज काढलं. कागद छापून घेतले, एक भिंतीवर लावला. आणि बाहेर मामा त्या कागदाखाली बसून टोपी काढत होते.

"मामा, लोकांना घाबरवू नका," मी म्हणालो.

"घाबरवत न्हाय. ज्याचे येणार हाईत त्याला आत पाठवतो. ज्याचे येणार न्हाईत त्याला घरी."

"हे कोण ठरवणार?"

"डॉक्टर, तुमी ठरवा की. पण तुमी ठरवत न्हाईत."

मग त्यांनी स्वतःची गोष्ट सांगितली. पंचविशीत केस गेले. सात वर्षं त्यांनी तेलं लावली, लेप लावले, एका बाबाची राख लावली. प्रत्येकजण म्हणे, येतील. मग ते म्हातारे डॉक्टर भेटले. त्यांनी एकदा डोकं बघितलं आणि म्हणाले, येणार नाहीत. "लई हलकं वाटलं, डॉक्टर. सात वर्सांत पहिल्यांदा कुणी खरं सांगितलं. मग म्या त्यांच्याकडंच नोकरी मागितली."

एवढं ऐकून शहाण्या माणसानं गप्प बसावं. मी सोलापूरला जाऊन विग आणला.

काळाभोर, मधोमध भांग असलेला. मामांच्या भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या आणि वर हे जंगल. मिशांना कलप लावायला ते तयार झाले नाहीत. विगही घालत नव्हते, पण त्यांच्या धाकट्या मुलाचं शिक्षण चालू होतं आणि जळकोटात दुसरी नोकरी नव्हती. मी तसं स्पष्टच बोलून दाखवलं. मामांनी विग हातात उलटासुलटा करून बघितला. मग म्हणाले, "डोकं तुमच्या नोकरीला हाय. तोंड न्हाय. म्या खोटं बोलणार न्हाय."

"बोलू नका," मी म्हणालो. "नुसतं गप्प बसा."

ते गप्प बसले. सकाळी येऊन खिळ्यावरचा विग घालायचे, संध्याकाळी काढून खिळ्याला लावायचे. सवयीनं वर टोपीही चढवायचे, मी ती काढायला लावायचो. जुने पेशंट यायचे, बघायचे, आणि त्यांचा जबडा उघडा राहायचा. "मामा! केस आले?" मामा नंबर लिहायचे. "डॉक्टरनं आणले व्हय?" आता हे तर शब्दशः खरं होतं. मामा माझ्या दाराकडं बोट करायचे. पांढऱ्या भुवया कुणाला दिसल्या नाहीत. विश्वास ठेवायचं ठरवून आलेल्या माणसाला भुवया दिसत नसतात. पॅकेजचे कागद संपले, मी दुसरे छापून घेतले.

मे महिना होता. विगाखालून घामाचा ओघळ मामांच्या कानामागून सदऱ्यात जायचा. ते पुसत नसत.

त्याच महिन्यात ढाब्यावरचा आचारी आला. हायवेवरच्या एका ढाब्यावर भाजीला असायचा, पस्तिशीचा, कपाळापासून मागच्या मानेपर्यंत मोकळं मैदान, कानांवर तेवढी झालर. खरं तर आचाऱ्याला टक्कल म्हणजे गिऱ्हाइकाचं भाग्य. पण लग्न जमत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी तो येऊन गेला होता, आणि मामांनी टोपी काढून त्याला परत पाठवलं होतं. आता रस्त्यानं जाताना त्याला दारातून मामा दिसले, आणि तो सायकल टाकून आत धावला.

"मामा, तुमीच म्हणला हुता न्हाय येणार म्हणून! आन् तुमालाच आले?"

मामांनी वहीत त्याचा नंबर लिहिला. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी आचाऱ्याला आत बोलावलं.

त्याला एक मुलगी सांगून आली होती. मुलीच्या भावानं अट घातली होती की आधी डोक्याचं काहीतरी करा, मग बघू. मी त्याला सांगू शकलो असतो की तुझ्या टाळूत आता टोचण्यासारखं काही उरलेलं नाही. मी त्याला कॅलेंडर दाखवलं आणि तारखा दिल्या. तो प्रत्येक वेळी डोकं सुजवून बाहेर पडायचा, आणि बाहेर पडताना मामांच्या केसांकडं देवीच्या मुखवट्याकडं बघावं तसं बघायचा.

पाचव्या बैठकीला तो एका म्हाताऱ्याला घेऊन आला. मुलीचा बाप. मुलीच्या घरचे थांबायला तयार नव्हते, म्हणून यानं पुरावाच दाखवायला आणला होता. बाक भरलेला होता.

"हे बघा आमचे मामा. माझ्यापेक्षा जास्त टक्कल हुतं, साऱ्या नळदुर्गानं बघितलंय. आता बघा. माझंबी असंच हुणार."

म्हाताऱ्यानं चष्मा सावरला, मामांच्या अगदी जवळ गेला आणि हात जोडले. "पाहुणं, तुमी वयानं मोठे हाव. माझा पोरगा ऐकत न्हाय. तुमी एक शबुद सांगा, ह्याला केस येणार का? तुमी व्हय म्हणलाव की म्या पोरगी दिली."

मी दारात उभा होतो. मामांनी माझ्याकडं बघितलं, आणि मी मान हलवली. बोलू नका, अशी. ही मान मी हलवली हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. तुम्हाला सांगतोय.

मामा उठले. विग काढला आणि टेबलावर ठेवला. विगाखाली टाळू लाल झाली होती, घामोळ्यांनी भरलेली. त्यांनी म्हाताऱ्यापुढं मान खाली घातली.

"हे बघा. आता इचारा."

बाकावर कुणी हसलं नाही. आचाऱ्याचा चेहरा मला बघवला नाही. म्हाताऱ्यानं मात्र विचारलं, "मग पोरगं कसं हाय?"

"पोरगं चांगलं हाय," मामा म्हणाले. "दारू न्हाय, खोटं न्हाय. केस तेवढे न्हाईत, आन् ते येणारबी न्हाईत."

बाक रिकामा झाला. मी मामांना काय काय बोललो ते लिहीत नाही. शेवटचं वाक्य "उद्यापासून येऊ नका" हे होतं. मामांनी विग उचलला, हातानं नीट विंचरला, खिळ्याला लावला. टोपी घातली आणि जीप धरायला निघून गेले.

त्यानंतर सव्वा वर्ष गेलं. स्टुलाच्या जागी खुर्ची आली, नंबर लिहायला संगणकावर बसणारी मुलगी आली. पेशंट तिला प्रश्न विचारत नाहीत. ते थेट आत येऊन मला विचारतात, आणि मी गोलगोल बोलतो. अधूनमधून कुणीतरी विचारायचं, "ते टोपीवाले मामा कुठं गेले?" मी म्हणायचो, गावी असतात. नळदुर्ग ते जळकोट अंतर ते किती! जीपमधल्या गप्पा संपायच्या आत गाव येतं. मला त्यांना परत बोलवायचं होतं, अनेकदा होतं. मी गेलो नाही.

मग एका पेशंटनं सहज सांगितलं की मामा गेले, उद्या दहावा आहे.

दहाव्याला मी गेलो. ओढ्याकाठी बाभळीखाली न्हावी बसला होता. मामांच्या दोन्ही मुलांची डोकी भादरून झाली होती. मी कडेला उभा राहिलो. त्यांनी मला ओळखलं, नमस्कार केला, आणि त्यांना माझा राग नव्हता हे बघून मला जास्त लाज वाटली. न्हाव्यापुढं तिसरा माणूस बसला होता. त्याच्या डोक्यावर करण्यासारखं फारसं काही नव्हतं. कानांवरची झालर तेवढी होती, आणि न्हावी ती उतरवत होता.

तो आचारी होता. नात्याचा नाही, गोत्याचा नाही. एकेका केसासाठी डोकं टोचून घेणाऱ्या माणसानं होते नव्हते तेवढे केस मामांच्या नावानं खाली टाकले होते.

उठून तो माझ्याकडं आला. शर्टावरचे केस झटकत म्हणाला, "म्हाताऱ्यानं दिली पोरगी, डॉक्टर. मामाच्या शबदावर. मुलगी झाली औंदा." तो रागानं बोलला असता तर मला बरं वाटलं असतं. मग त्यानं गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवला आणि अगदी दवाखान्यात विचारावं तसं विचारलं, "हे परत येतील का हो?"

"कडेचे येतील," मी म्हणालो. "वरचे नाही येणार."

"कवाच?"

"कधीच नाही."

त्यानं मान हलवली. "मामाबी तेच म्हणले हुते," तो म्हणाला, आणि मामांच्या मुलांबरोबर पाण्यात उतरला.