चंद्रावर दोघांनी उतरावं की सगळ्यांनी

बासष्ट साल असेल. राजूरच्या कोळसा खाणीच्या वस्तीत, चंद्रावर कसं उतरायचं याचा निकाल आम्ही दोघी बहिणी रोज दुपारी लावत असू आणि रोज तो वेगळा लागे. ताई माझ्याहून मोठी, मॅट्रिक होऊन घरी बसलेली. माझी मॅट्रिक झाली की दोघींनी मिळून नागपूरला सायन्स कॉलेजात जायचं, म्हणून ती माझ्यासाठी थांबली होती. बाबा खाणीच्या बत्तीघरात होते. खाली जाणाऱ्यांना दिवे द्यायचे आणि पाळी सुटली की परत घ्यायचे, हे त्यांचं काम. ऑफिसात वाचून झालेली वर्तमानपत्रं ते घरी आणत.

अमेरिकेत तेव्हा यावरूनच खल चालला होता. एक बेत असा, की एकच अवाढव्य यान सगळ्यांना घेऊन थेट चंद्रावर उतरेल आणि तेच उठून परत येईल. दुसऱ्या बेतात मोठं यान चंद्राभोवती फिरत राहणार होतं. त्यातून एक लहानसं यान सुटून दोघांना खाली नेईल, वर आणेल. तिसरा माणूस वरच थांबेल. पहिल्यात परतीचं इंधनसुद्धा खाली उतरवून पुन्हा उचलायचं, म्हणून अग्निबाण राक्षसासारखा आणि खर्चही तसाच. दुसरा हलका, स्वस्त आणि लवकर होणारा. खर्च डॉलरमध्ये छापलेला असे. त्याचे रुपये करायला बसलो तर पाटीवर शून्यं मावेनात, तेव्हा तो नाद आम्ही सोडला.

मी स्वस्ताच्या बाजूची. "वणीच्या बाजारात आपण बैलबंडी घुसवतो काय? झाडाखाली सोडतो अन् पिशवी घेऊन पायी जातो," मी म्हणायची.

"अन् बंडीपाशी बसते कोण?" ताई विचारायची. "एवढ्या दूर जाऊन त्यानं नुसत्या घिरट्या मारायच्या? कायले गेला मंग तो? गेले तं सगळेच उतरले पायजेत."

"खर्च तुहा सासरा देईन काय?"

मग मारामारी. मी तोंडाची तिखट, ती हाताची.

ज्वारीच्या धांड्यांची आम्ही दोन्ही यानं केली. सालीचे पाय, आतल्या भेंडाचं धड. चंद्रावरची जमीन कशी, हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. आम्ही जन्मापासून काळी माती पाहिलेल्या, तेव्हा तिथेही तीच असणार हे धरूनच चाललो. चंद्र पांढरा दिसतो ही अडचण ताईने चुटकीसरशी सोडवली, "वरून चुना मारला असन." आता काळी माती म्हटली की उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा, आणि ओली झाली की चाक रुतलंच. म्हणून यानांच्या पायांखाली आम्ही सोड्याच्या बाटल्यांची झाकणं बसवली. बाजेवर उभं राहून यानं सोडायची. ताईचं उंच यान दर वेळी कलंडायचं. माझं बसकं, बेडकासारखं चारी पायांवर बसायचं. मी नाचायची आणि तिला फार राग यायचा.

संध्याकाळी अंगणात त्याच बाजेवर आडवं झालं की भांडण विरून जाई. कोळशाच्या धुळीतून चंद्र तांबूस वर यायचा. ताई हलक्या आवाजात सांगायची, आता उतरलो, आता दार उघडलं, कशाचा म्हणून आवाज नाही, पायाखाली कोणाचीच वाट नाही. डोळे मिटून मी तिच्या मागोमाग चालत असे. अंग हलकं हलकं होऊन बाज सुटल्यासारखी वाटायची. इतकी सुखी मी पुढे क्वचितच झाले.

मी मॅट्रिक झाले. छप्पन्न साली आम्ही बौद्ध झालो तेव्हापासून बाबांचा एकच घोष होता, पोरींनो, शिका. पण त्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी ते ताटावरून अर्धपोटी उठले आणि म्हणाले, "दोघींचं नाही झेपत. एकीलेच धाडता येते."

हक्क ताईचा होता. मी मान खाली घातली.

"इले धाडा," ताई म्हणाली. "वस्तीच्या शाळेत बाई पायजे हाय. मी लागतो तिथं. इच्या खोलीचं भाडं तं निघन."

माझं डोकंच फिरलं. "मले नाही पायजे असं स्वस्तातलं!" मी ओरडले. "सगळेच उतरले पायजेत, असं तूच म्हणत होती ना?"

बाबा हात धुवायचे थांबले. "वर थांबणारा नसला तं खाली गेलेल्याचा भरवसा नाही, पोरी. मी रोज तेच पाहून राह्यलो."

"मंग त्या थांबणाऱ्याले चंद्र कधी भेटन, बाबा?" ताईने विचारलं. आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होती. आईने ताटं उचलली.

मी नागपूरला गेले.

दिवाळीच्या सुटीत परत आले तेव्हा ताई नुकतीच शाळेतून आली होती, बोटांना खडू तसाच. तिने मला पायसुद्धा धुवू दिले नाहीत. हात धरून बाजेवर बसवलं आणि स्वतः शेजारी डोळे मिटून आडवी झाली.

"कॉलेजात पहिल्यांदा गेली तवा काय दिसलं? पयलेपासून सांग. काही सोडू नको."

मी सांगायला लागले. फाटक, उंच जिना, प्रयोगशाळेचं दार, आतला तो वास, काचेच्या नळ्यांवर पडलेलं ऊन. तिचे ओठ माझ्या शब्दांबरोबर हलत होते. ते पाहिलं आणि मला रडू आवरेना.

"रडजो मागून," ताई डोळे न उघडता म्हणाली. "दार उघडलं. पुढं?"