बाबांना आवडलेला सिनेमा

त्या सिनेमाचं नाव मी इथे घेणार नाही. त्याची फुकट जाहिरात एकदा करून बसले आहे, तेवढी पुरे.

मारतहळ्ळीत, कन्नड मुलखात, राहणाऱ्या आम्हा मराठी मंडळींचा फोनवर एक ग्रुप आहे. आमच्या भागात मराठी सिनेमा लागतो तो रविवारी सकाळी, एकच खेळ, आणि शुक्रवारपर्यंत खुर्च्या भरल्या नाहीत तर तोही रद्द. मग ग्रुपवर गयावया सुरू होते. मराठी म्हणवता ना, मग घराबाहेर पडा. मुलांनाही आणा, त्यांच्या कानावर भाषा पडू दे. खुनाच्या तपासाचा सिनेमा मुलांना भाषेसाठी दाखवायचा, यात कोणालाच काही वावगं वाटलं नाही. या वेळी गयावया करण्यात मी सगळ्यांच्या पुढे होते, कारण तो खेळ मला बाबांसाठी हवा होता.

बाबा पोलिसात हवालदार होते, ठाण्यातले रायटर. म्हणजे गुन्ह्याच्या जागी जाऊन दिसेल ते लिहून काढायचं, पंचांच्या सह्या घ्यायच्या, कागद कोर्टात टिकेल असा करायचा. सगळी नोकरी त्यात गेली. आई गेल्यावर मी त्यांना साताऱ्याहून इथे आणलं. चार महिने ते बाल्कनीत बसून समोरच्या टेक पार्कच्या काचा बघत होते. रोज संध्याकाळी एकच वाक्य, "घर बंद आहे तिकडं, मला जायला पाहिजे." मला ते इथेच राहायला हवे होते. तिकडे एकटे राहिले तर रक्तदाबाची गोळी विसरतील, हीच मला धास्ती.

अशात त्या सिनेमाचा ट्रेलर आला. त्यात क्षणभर एक हवालदार दिसतो, झाडाखाली मांडीवर फळी घेऊन पंचनामा लिहिणारा. बाबांनी माझा फोन हातात घेतला आणि तेवढाच तुकडा तीनदा पाहिला. "कार्बन बरोबर घातलाय," म्हणाले. मग विचारलं, "कधी लागतोय?" चार महिन्यांत त्यांनी पहिल्यांदाच पुढच्या एखाद्या दिवसाची चौकशी केली होती. मी लगेच म्हटलं, सिनेमा बघा, आपली चार माणसं भेटतील, मग राहायचं का जायचं ते ठरवा. "बघू," म्हणाले. शनिवारी त्यांनी स्वतः शर्टाला इस्त्री केली.

हवालदाराचं ते झाडाखालचं लिहिणं ट्रेलरमध्ये होतं तेवढंच सिनेमात होतं. पुढे दोन तास तो तंबाखू कोंबून झोपतो, साहेबाचे बूट उचलतो आणि चोरामागे धावताना त्याची पँट सुटते. साहेब म्हणजे व्यायामशाळेतून थेट ठाण्यात आलेले. रक्तानं माखलेला सुरा ते उघड्या हातानं उचलतात आणि त्याचा वास घेतात. वास! प्रेताशेजारी उभं राहून त्यांना प्रेयसी आठवते आणि तिच्यासकट एक अख्खं गाणंही. ड्रोननं तोच डोंगर इतक्यांदा दाखवला की मला त्या डोंगराचाच संशय यायला लागला. खुनी कोण हे मध्यंतराआधीच सगळ्या थिएटरला कळलं होतं, पोलीस तेवढे राहिले होते. दिग्दर्शकानं एकदा, फक्त चहा प्यायला, एखाद्या ठाण्यात पाऊल टाकलं असतं तर काय बिघडलं असतं? मला इतका राग आला होता की हातातले पॉपकॉर्न चुरगळले गेले.

पँट सुटली तेव्हा थिएटर खदखदून हसलं. बाबा हात मांडीवर ठेवून पडद्याकडे बघत होते. मध्यंतरात मी म्हटलं, "बाबा, निघू या?"

"पूर्ण बघू. अर्धवट बघून बोलता येत नाही."

खेळ संपल्यावर बाहेर पायऱ्यांवर फलक धरून फोटो आणि मग प्रत्येकाचा व्हिडिओ, ही आमची रीत. रीतीचा न लिहिलेला नियम असा की वाईट बोलायचं नाही. दारातून बाहेर पडताना "काय पकवलंय यार" म्हणणारी तोंडं फोनसमोर फुलून येत होती. ग्रुप चालवणारा एचएसआर लेआउटमधला पुणेकर माझ्याकडे वळला. "ताई, पटकन एक बाइट! पॉझिटिव्ह हं, नाहीतर नेक्स्ट टाइम थिएटरवाले स्लॉटच देणार नाहीत." राजाजीनगरहून आलेल्या, पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच असलेल्या एक बाई मागून म्हणाल्या, "होय की अक्का, स्वल्प गोड बोल. आपलंच आहे ते."

आणि मी बोलले. हसून बोलले. "खिळवून ठेवणारा सिनेमा! पोलिसांच्या आयुष्याचं खरंखुरं चित्रण. माझे बाबा स्वतः पोलिसात होते, त्यांनाही प्रचंड आवडला."

बाबा दोन पायऱ्या खाली उभे होते.

घरी आलो. बाबा जेवायला बसले, आमटीत भात कालवला आणि ताटाकडे बघतच बोलले. "पंच मिळायचे नाहीत आम्हाला. मग नाक्यावरच्या कुणालातरी धरून आणायचे. काही न बघता सह्या ठोकायचे ते. मीच घेतल्यात तसल्या सह्या, खोटं कशाला बोलू. पण माझी सही माझ्यासमोर दुसऱ्यानं केलेली आज पहिल्यांदा बघितली."

"बाबा, तसं बोलावं लागतं हो इथे."

"असेल. मग मी इथं कशाला?"

मंगळवारी ते साताऱ्याला परत गेले. ग्रुपवर माझ्या व्हिडिओला टाळ्यांचा पाऊस पडला होता. मी तो काढून टाकला, पण तोवर तो कुठच्या कुठे पोचला होता. आठ दिवसांनी साताऱ्याहून बाबांचा फोन आला. "पोलीस लायनीतले सगळे मला विचारतायत, तुम्हाला आवडला म्हणे तो सिनेमा, ज्यात हवालदाराची पँट सुटते. काय सांगू?"

मी म्हटलं, "सांगा, मुलगी खोटं बोलली."

त्यावर बाबांमधला रायटरच बोलला, "तोंडी नको. लिहून दे."

तेव्हा हे लिहून देते. माझ्या वडिलांनी तो सिनेमा पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला. त्यांना तो आवडला नाही. त्यांना कसा वाटला, हे मी त्यांना विचारलंच नव्हतं.