काट्यावरच्या कॉम्प्युटरची वाटणी

आमच्या घरी कॉम्प्युटर विकत घेतलेला आला नाही, राखायला म्हणून आला. दारव्ह्याच्या ज्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, बाबा वजनकाट्यावर बसत, ती बंद पडली होती. कापसाला भाव राहिला नव्हता, लोक सोयाबीनकडे वळले होते, आणि आमच्या जिल्ह्याचं नाव पेपरात ज्या कारणानं सारखं छापून यायचं ते कारण घरात कुणी उच्चारत नसे. कुलूप लावायच्या आधी शेटजी बाबांना म्हणाले, की काट्याचा कॉम्प्युटर घरी न्या, इथं उंदीर वायरी खातील. जिनिंग सुरू झाली की घेऊन या. बाबांनी मॉनिटर मांडीवर घेऊन तो ऑटोतून आणला आणि देवाच्या फोटोखालच्या टेबलावर मांडला. ‘सुरू झाली की’ हे शब्द शेटजी सहज बोलून गेले असतील. बाबांनी ते वचन म्हणून धरलं.

दुसऱ्याच दिवसापासून त्यांचा सराव सुरू झाला. आंघोळ करायची, इस्त्रीचा शर्ट घालायचा आणि खुर्चीत बसायचं. विंडोज ९८ उघडली की तिच्यात काट्याचा प्रोग्रॅम लावायचा आणि मनातल्या मनात एकेक गाडी काट्यावर घ्यायची. भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, माल कापूस, पावती. घरी प्रिंटर नव्हता, तरी छापायचं बटण ते दाबायचेच.

“हात बसेल पाह्यजे,” म्हणायचे. “शेटजीनं बोलावलं अन् मी चाचपडत बसलो तं?”

“कापूस कोन आनून राह्यलं, भुतं?” आई चुलीजवळून विचारायची. बाबा हसायचे आणि पुढची गाडी घ्यायचे.

माझी पंचाईत वेगळीच होती. मी रोज दुपारच्या एसटीनं यवतमाळला जाऊन कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होते. प्रॅक्टिकल विंडोजवर नाही, लिनक्स नावाच्या दुसऱ्या सिस्टिमवर असायचं आणि लॅबमध्ये एका कीबोर्डवर आम्ही तिघी-तिघी. ज्या मुलीची बोटं लांब तिचा अभ्यास होई. घरी मशीन होतं, पण लोडशेडिंगमुळे लाइट काय ती सकाळची, आणि सकाळ बाबांच्या गाड्यांनी अडवलेली. मला राग यायचा. जिवंत मुलीची परीक्षा एकीकडे, न येणाऱ्या बैलगाड्या दुसरीकडे, आणि रांगेत पहिला नंबर गाड्यांचा!

जुनं सगळं पुसून लिनक्स टाकू का, असं मी एकदा विचारून पाहिलं. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मान खाली घातली.

“दुसऱ्याची चीज हाय. पुसाले आपली हाय काय?”

मग मी दुसरी वाट काढली. एकाच डिस्कवर दोन सिस्टिम राहू शकतात, हे त्यांना समजावलं. डिस्कचे दोन भाग करायचे, एकात तुमचं, एकात माझं. मशीन सुरू केलं की तेच विचारतं, कोणतं उघडू?

“म्हंजे धुरा टाकाचा,” बाबा लगेच म्हणाले. वावराचे दोन भाग करताना मधे बांध घालतात, तो धुरा. “मंग रीत पाळ. वाटे मोठ्यानं पाडाचे, उचलाचे धाकट्यानं.”

“पण वाटे तं मी पाडून राह्यली, बाबा.”

“मंग मी धाकटा,” असं म्हणून त्यांनी लहान वाटा उचलला. “माह्यं सामान कमी हाय. फक्त त्याले धक्का नको लावू.”

सुट्टीच्या दिवशी सकाळी मी कामाला बसले. काट्याचा प्रोग्रॅम आधी फ्लॉपीवर उतरवला. बाबांनी फ्लॉपी देवापुढे ठेवली. मग विंडोजचा भाग आकसायला लावला. मधेच लाइट गेली असती तर दोघांचंही गेलं असतं. बाबा दारात उभं राहून खांबावरच्या तारेकडे पाहत होते, जसा काही करंट त्यांनीच धरून ठेवला होता. लाइट टिकली. लिनक्स बसलं. मशीन पुन्हा सुरू केलं, तर त्यानं काही विचारलंच नाही. थेट लिनक्स उघडलं.

बाबा खाली जमिनीवर बसले.

“गेलं?”

गेलं नव्हतं. सुरुवातीच्या यादीत विंडोजचं नाव चढलं नव्हतं, एवढंच. पण ते सापडायला वेळ लागला. बाबा देवापुढच्या फ्लॉपीकडे पाहत होते. ओरडले असते तर परवडलं असतं. शेवटी एका फाइलमध्ये चार ओळी लिहिल्या, आणि पडद्यावर दोन्ही नावं एकाखाली एक आली. बाबा उठले, त्यांनी आपलं उघडलं, एक गाडी मोजली आणि खुर्ची सोडली.

“बस. आता तुह्यं.”

त्या दिवसापासून अर्धी सकाळ माझी झाली. माझा रागही ओसरला.

दिवाळीनंतर शेटजींचा निरोप आला: कॉम्प्युटर घेऊन काट्यावर या. बाबांनी गुळगुळीत दाढी केली. आईनं त्यांच्या हातावर दही-साखर ठेवली. वायरी जोडायला मी सोबत गेले.

फाटकाशी कापसाची एकही गाडी नव्हती. भंगारवाल्याचा ट्रक होता, आणि जिनिंगची यंत्रं सुटी करून अंगणात मांडली होती. शेटजींनी सगळं विकलं होतं. ते तोलायला काटा हवा होता, आणि काट्याला बाबा.

बाबांनी मॉनिटर काट्याच्या टेबलावर ठेवला. मग म्हणाले, “जोड.” पडद्यावर दोन नावं आली, त्यांनी आपलं निवडलं. रिकामा ट्रक मोजला, भरलेला मोजला. प्रोग्रॅमनं विचारलं, माल? त्याला चारच माहीत होते: कापूस, रुई, सरकी आणि रुईच्या गाठी.

“गाठीचं बटन दाबून द्या ना, काका,” भंगारवाला म्हणाला. “वजन ते वजन.”

शेटजी दुसरीकडे पाहू लागले. बाबांनी कीबोर्डवरून हात उचलला.

“तुह्यावालं लाव,” ते मला म्हणाले. “त्याच्यात लोखंड लिहिता येते?”

“येते.”

“मंग तुह्यात लिही. माह्यात हे नाही जाचं.”

मी मशीन बंद करून लिनक्स उघडलं. बाबा काट्यावरचा आकडा वाचत होते, गर्दीच्या हंगामात वाचायचे तसाच, खणखणीत आवाजात, आणि मी प्रत्येक ट्रकपुढं लोखंड लिहीत होते. मला रडू येत होतं. त्यांचा आवाज संध्याकाळपर्यंत कापला नाही.

निघताना शेटजी म्हणाले, “कॉम्प्युटर असू द्या पोरीले.”

दुसऱ्या दिवशी लाइट आली तेव्हा बाबा अंगणात बसले होते, बनियनवर. मी मशीन सुरू केलं, त्यांचं नाव निवडलं, प्रोग्रॅमही उघडून ठेवला.

“बाबा, या. तुमचं लावलं.”

त्यांनी वळून पाहिलं नाही.

“राहू दे, माय,” म्हणाले. “आता कायचं वजन करू?”