मागचा दरवाजा बाहेरून उघडतो

दरवाजा उघडायच्या आधी काका काचेवर अंगठीने दोनदा वाजवायचे. टक, टक. मग डावा हात रस्त्याच्या बाजूला आडवा धरायचे आणि समोर मोकळं मैदान असलं तरी दोन्हीकडे मान वळवून बघायचे. मगच मागचा दरवाजा उघडायचा आणि आत कोंबलेल्या आम्हा सगळ्यांना परवानगी मिळायची, "हां. या आता बाहेर."

तुमच्याही कॉलनीत असा एक माणूस असेल, ज्याच्या शिस्तीवर सगळे हसतात आणि गावाला जाताना घराची किल्ली मात्र त्याच्याकडेच ठेवतात. स्मृती नगरात आमच्या गल्लीत ते काका होते. आमच्या शेजारचंच घर. मूळ भंडारा जिल्ह्यातले, पण सारी नोकरी भिलाईत, प्लँटमध्ये पोलाद वितळवायच्या भट्टीवर. मीही त्याच प्लँटमध्ये, पण ऑफिसात कारकून. त्यांनी आयुष्यभर आग पाहिली आणि मी हजेरीचे कागद, असं ते स्वतःच सगळ्यांना सांगायचे. मला ते आवडायचं नाही, पण खोटं नव्हतं.

भट्टीतल्या पोलादाच्या एका घाण्याला तिथे हीट म्हणतात. दिवाळीत चकलीचा घाणा असतो तसाच, फक्त हा घाणा अर्धवट टाकून दारावर कोण आलंय ते बघायला उठता येत नाही. काकांनी हा नियम घरी आणला होता. जेवताना फोन वाजला तर, दाढी करताना काकूंनी काही विचारलं तर, एकच उत्तर. "हीट चालू हाय. मधात थांबता येत नाही." काकांची दाढी होईपर्यंत काकू गॅसजवळ उभ्या राहायच्या आणि मग तोच प्रश्न पुन्हा विचारायच्या.

आणि गाडीचं तर विचारूच नका.

माझ्याकडे तेव्हा स्कूटर होती. काकांचा मोठा भाऊ नागपूरला आणि माझी सासुरवाडीही नागपूरला. त्यामुळे दर दिवाळीच्या सुट्टीत दोन घरं एका गाडीतून निघायची. काका, काकू, मी, माझी बायको आणि आमची सात वर्षांची गार्गी. काकांचा मुलगा पुण्याला नोकरीला, तो परस्पर यायचा. ऐकायला हे सुखाचं वाटतं. प्रत्यक्षात ते पाच तासांचं कोंडून घेणं होतं.

सकाळी सहाला फाटकाशी हजेरी व्हायची. "जाऊन आले का सगळे? परत एक डाव जाऊन या." माझी बायको शाळेत शिक्षिका आहे, पन्नास पोरांना एका नजरेत गप्प बसवते. तीसुद्धा मुकाट्याने परत जाऊन यायची. मग आम्ही चौघं मागे बसायचो. डाव्या खिडकीशी काकू, मग बायको, मग गार्गी अर्धी तिच्या मांडीवर अर्धी माझ्या, आणि उजव्या खिडकीशी दाराला चिकटलेला मी. पुढची सीट रिकामी. म्हणजे अगदी रिकामी नाही, तिथे पाण्याची वीस लिटरची कॅन बसायची, सीटबेल्ट लावून.

पहिल्या वर्षी मी म्हणालो, "काका, मी पुढे बसतो ना. कॅन मागे डिक्कीत जाईल."

"डिक्कीत फराळ हाय."

"मग पायाशी ठेवू."

"बाबू, पुढं कोणी बसलं का माहं ध्यान जाते," काका म्हणाले आणि कॅनचा बेल्ट ओढून पाहिला.

मागच्या दोन्ही दारांना चाइल्ड लॉक. गाडीत मूल नव्हतं तेव्हाही ते लावलेलंच होतं. सुपेल्याच्या मिस्त्रीकडून दर सुट्टीआधी ते तपासून आणायचे. आतून कितीही कडी ओढा, दार उघडत नाही. त्यातही उजवं दार कधीच उघडायचं नाही, बाहेरूनही नाही. माझ्या बाजूला रस्ता होता ना. उतरायचं ते सगळ्यांनी डावीकडून, सरकत सरकत. थांबाही एकच, देवरीच्या पुढे एक पेट्रोलपंप, तोही भिंत घातलेला म्हणून निवडलेला. तिथे काका आधी उतरायचे, गाडीला वळसा घालायचे, आणि टक, टक. दहा मिनिटांनी पुन्हा आत.

आम्ही मागे बसून त्यांची खूप टिंगल केली, हे कबूल करतो. गार्गीने शाळेत चित्र काढलं होतं, 'माझी दिवाळीची सुट्टी'. चौकोनी डबा आणि त्यात चार गोल तोंडं. बाईंनी विचारलं, हे काय, तर म्हणाली, "हम लोग नागपूर जा रहे हैं."

एक गोष्ट मात्र मला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी लक्षात आली. साकोलीच्या अलीकडे डाव्या हाताला एक फाटा लागतो. एक हातपंप, एक सायकल पंक्चरचं दुकान आणि आत शेतातून जाणारा रस्ता. तो यायच्या थोडं आधी काकू पदराच्या टोकाने खिडकीची काच पुसायच्या. मग फाटा मागे जाईपर्यंत मान वळवून बघत राहायच्या. किलोमीटरभर आत त्यांचं माहेर होतं. ऐंशी उलटलेली आई आणि धाकटा भाऊ. माझी बायको एकदा म्हणाली, "काका, दोन मिनिटं थांबू या ना इथे."

"येतानी थांबू," काका म्हणाले.

येताना म्हणाले, "पुढच्या वेळी."

काकूंना माहेर बंद होतं असं नाही. वर्षातून दोनदा त्या एसटीने एकट्या जाऊन यायच्या. पण काका तिथे वीस-बावीस वर्षांत गेले नव्हते. लग्नाला नाही, बारशाला नाही. आईची नजर आता जात चालली होती. दर खेपेला ती विचारायची, जावई कावून येत नाही? काकूंनी हे माझ्या बायकोला जुनवानीच्या बाजारात, भाजी निवडता निवडता सांगितलं. "माह्या आईनं एक डाव त्याइले पाह्यलं पाह्यजे, बस. दिसते तवरक." आणि मग कोथिंबिरीच्या जुडीचा भाव विचारला.

त्या वर्षी सुट्टी लागली तशी आम्ही निघालो, आणि फाट्यापाशीच गाडी अडकली. पुढे धानाचा ट्रक उलटला होता. पोती रस्ताभर, दोन्हीकडे ट्रकांची रांग. काकांनी अर्धा तास इंजिन चालू ठेवलं. मग एक माणूस मागून चालत आला आणि म्हणाला, दोन तास तरी लागतील. काकांनी गाडी हळूच डाव्या बाजूच्या मातीत घेतली आणि किल्ली फिरवली. इतक्या वर्षांत त्या पंपाखेरीज मधल्या वाटेत ते इंजिन बंद झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

पंक्चरचं दुकान आमच्या पुढ्यात होतं. हातपंपावर एक बाई कळशी भरत होती.

ऊन वाढलं. काचा चार बोटं खाली, त्याहून जास्त नाही. फराळाचा वास, बायकोचा खांदा माझ्या बरगडीत, गार्गीचा घामेजलेला पाय माझ्या मांडीवर. बाहेर सगळं जग गाड्यांतून उतरून पाय मोकळे करत होतं, कुणी विडी ओढत होतं. आम्ही आत. मी कडी ओढून पाहिली, उगाच. मला काकांचा खरंच राग आला होता.

"आजी, तुम बार बार शीशा क्यों पोंछ रही हो?" गार्गीने विचारलं.

"तिकडे माही आई राहते बेटा," काकू म्हणाल्या.

"इतनी पास? तो चलो ना."

गार्गीने पुढच्या सीटवर हनुवटी टेकवली. "आबा, चलो ना."

"हीट चालू हाय बेटा. मधात थांबता..."

"पर गाडी तो बंद है," गार्गी म्हणाली. "अब कौनसी हीट?"

काकांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले होते, गाडी चालवत असल्यासारखे. आरशात त्यांचे डोळे दिसत होते, ते रस्त्याकडे पाहत होते.

"पोरगी बराबर म्हणून राह्यली," काकू हळू म्हणाल्या.

मग काकांनी सांगितलं. आमच्याकडे न बघता, समोरच्या ट्रकला सांगावं तसं. तेव्हा हा रस्ता एकपदरी होता. त्यांची पहिली गाडी, जुनी घेतलेली. दिवाळीची सुट्टी. बारावीतला साळा भिलाई बघून परत चालला होता, त्याला याच फाट्यावर सोडायचं होतं. काकांना पुढे नागपूरला भावाकडे पोचून रात्रीच्या आत परतायचं होतं, सकाळची पहिली शिफ्ट होती. "मी म्हणलो, उतर लवकर, मले घाई हाय. त्यानं त्या बाजूचा दरवाजा उघडला. रस्त्याच्या बाजूचा. मी पाह्यलंच नाही मांगून ट्रक येऊन राह्यला म्हून."

पाय वाचला होता, पण आखूड झाला. काकूंचा भाऊ तेव्हापासून लंगडत चालतो. पोलिसात भरती व्हायचं होतं त्याला.

"पुढच्या दरवाज्याले लॉक नसते," काका म्हणाले. "म्हून पुढं कोणाले बसवत नाही."

मी सीटबेल्ट लावलेल्या कॅनकडे बघत होतो. आम्ही त्या कॅनवर किती विनोद केले होते. मला माझीच लाज वाटली.

"आई तुमाले कधी काही बोलली का?" काकूंनी विचारलं. "दवाखान्यात तरी बोलली का एक शब्द?"

"नाही बोलली. म्हूनच तं." काका समोरच बघत म्हणाले. "शिव्या दिल्या असत्या तं आलो असतो."

काकूंनी पदर खांद्यावर घेतला. "मी एकटी तं दरसाल जातो. आज तुम्ही चला. तिले आता निस्ता उजेड दिसते. पुढच्या साली तेही नाही दिसणार."

"गाडी कोण पाहीन?"

"आम्ही पाहतो," मी आणि बायको एकदमच म्हणालो.

काकांनी किल्ली काढून घेतली. मग उतरले, गाडीला वळसा घातला. टक, टक. हात आडवा धरला, दोन्हीकडे पाहिलं. सगळी वाहनं मेल्यासारखी उभी होती, तरी पाहिलं. काकू उतरल्या. काकांनी शर्ट खाली ओढला, केसांवरून हात फिरवला, आणि ज्या हाताने बावीस वर्षं दरवाजे लावले त्या हाताने सवयीने दरवाजा लावून टाकला. किल्ली खिशात. दोघं हातपंपावरून आतल्या रस्त्याला लागले. काकू पुढे, काका दोन पावलं मागे.

"पापा," गार्गी म्हणाली, "हम तो लॉक हो गए."

झालो होतो. मी पुढे वाकलो, कॅनवरून पाय टाकून पुढच्या दाराने बाहेर पडणं काही अवघड नव्हतं. बायकोने माझा सदरा धरला. "बसा," ती म्हणाली. "ते येऊन उघडतील." मी बसलो. आम्ही चकल्या खाल्ल्या. पुढे रस्ता मोकळा झाला, ट्रक एकेक करून निघाले, मागचे हॉर्न वाजवत आमच्या बाजूने गेले. तास उलटला. आयुष्यात इतका वेळ बंद दरवाज्याआड मी कधी राजीखुशीने बसलो नव्हतो.

ते परत आले तेव्हा तिघं होते. मध्ये काका, एका बाजूला काकू, दुसऱ्या बाजूला लंगडत चालणारा, पिकायला लागलेल्या मिशांचा माणूस, हातात चहाची किटली. काकांच्या कपाळावर कुंकवाचा टिळा होता, भुवईवर घसरलेला. हाताने चाचपून लावलेला असणार. टक, टक.

"राजेहो, तुमाले कोंडूनच गेलो मी," काका म्हणाले, आणि त्यांना रडू आवरेना. साळ्याने किटली बॉनेटवर ठेवली आणि त्यांच्या पाठीवर थोपटत राहिला.

पुढच्या दोन दिवाळ्यांना आम्ही फाट्यावर थांबलो, हक्काने, जेवायलाच. लॉक मात्र तसंच राहिलं, कॅनही. मग काका रिटायर झाले आणि त्याच उन्हाळ्यात एका सकाळी चहा पिता पिता गेले. त्यांची सासू अजून आहे. तिला सांगितलं तेव्हा ती म्हणे बराच वेळ हात पुढे करून चाचपत बसली होती.

परवा काकूंचा भाऊ सामान न्यायला पिकअप घेऊन आला होता. काकू आता आईजवळ राहायला चालल्या आहेत. गाडी विकायची ठरली आहे. काकूंनी मला आत काही राहिलंय का बघायला सांगितलं. मी मागे बसलो, सीटच्या खिशातून गार्गीची एक जुनी रबरबँड निघाली. आणि सवयीने मी दार ओढून घेतलं.

कॅन पुढे तशीच होती, रिकामी, बेल्ट लावलेली. मी बसून राहिलो.

काकू अंगणातून आल्या. काचेतून वाकून बघितलं. "कावून बसले बाबू आत? पुढून निघता येते ना."

मी मान हलवली, पण उठलो नाही. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. काकांची अंगठी त्यांच्या बोटांत सैल होते, म्हणून त्या ती अंगठ्यात घालतात. त्यांनी काचेवर दोनदा वाजवलं. डावा हात रिकाम्या गल्लीकडे आडवा धरला, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि मग दरवाजा उघडला.